वैमानिकाचा वाटा

मुंबईच्या बोटीने हिराला पाहायला आलेला गुरुदास विमान चालवतो, एवढेच तिच्या वडिलांना, दाजींना ठाऊक होते. दाजी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण लावत. समुद्रात जाळे टाकायचे, किनाऱ्यावरून ओढायचे आणि दोरीला हात लावील त्याला माशांचा वाटा द्यायचा, हा तिथला कायदा. त्यामुळे पाहुण्याला पहिला प्रश्न तोच.

"इमानात तुमचो वाटो किती?"

"वाटा नसतो. महिन्याला पगार."

"इमान जाग्यार रवला तरी?"

"तरी मिळतो."

दाजींची मळलेली तंबाखू हातातच राहिली. असला मालक किती दिवस टिकणार?

"एकटेच चलवतास?"

"नाही, शेजारी दुसरा वैमानिक असतो."

"म्हणजे तुमच्यार इश्वास नाय."

"नियम आहे. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त उडवायचंही नाही, सक्तीची विश्रांती. शिवाय अधूनमधून डॉक्टर तपासतो. नापास झालो की नोकरी गेली."

दाजी उठून स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला, पार्वतीला म्हणाले, "आजारी दिसता गो. बसान बसान दमता."

"मगे नोकरीर ठेवल्यानी कसो?"

"इमान चलवूक माणसाच गावनत नाय, म्हणान."

हिराने चहाच्या टोपावर झाकण असे ठेवले की ओटीवर ऐकू गेले.

नकार देण्यापूर्वी खरे काम कसे असते ते दाखवावे, म्हणून दाजी गुरुदासला किनाऱ्यावर घेऊन गेले. गडी मुंबईच्या गिरण्यांत पळाल्यामुळे दोरीवर माणसे कमी होती. गुरुदासने पाटलोण दुमडली आणि दोरी धरली. जाळे आले, तेव्हा त्याच्या पुढ्यात बांगड्यांचा ढीग पडला. त्याने तो बराच वेळ न्याहाळला.

"हे माझे?"

"ओढलास ना?"

"आणि डॉक्टर?"

"खंयचो डॉक्टर?"

"पावसाळ्यात?"

"घराकडे बसान जाळी शिवची."

"मग मी राजीनामा देतो. मला रापणीत घ्या."

दाजी खुशीत घरी परतले. एका फेरीत गडीही मिळाला आणि जावईही.

"रापणकराक चेडू देतलास?" पार्वती म्हणाली. "इमानवालो येता म्हणान मी वाडीभर सांगलंय."

"बाबा," हिरा म्हणाली, "गेल्या खेपेक तुमचो वाटो मांजरान एकट्यान खाल्ल्यान. माका इमानवालोच होयो. त्येका परत वर धाडा."

दाजी तसेच मागे फिरले. गुरुदास वाळूत बसून तळहातावरचे फोड कौतुकाने पाहत होता.

"आयकतास?" दाजी म्हणाले. "दोघा चलवतास ता बरा. एकाक झोप येता. डॉक्टर बघता, ताय फुकट. आणि इमान उडला नाय तरी पगार... असो देवमाणूस मालक सोडूक नको."

"ते खरं हो. पण वाटा?"

दाजींनी आजूबाजूला कोणी रापणकर नाही ना, ते पाहिले.

"वाटो मी पोचवतंय. तुमी फकत वर रवा."

गुरुदासने विचार केला.

"तारल्या चालणार नाहीत," तो म्हणाला. "बांगडेच."