पिराजीतात्यांची तापलेली भिंत

स्वयंपाकघराच्या भिंतीला पिराजी चौगल्यांचा तळहात लागला आणि त्यांनी तो झटकन मागं घेतला. भिंत तापली होती. चूल पार पलीकडच्या कोपऱ्यात, ऊन या बाजूला कधी येत नाही, आणि भिंत मात्र तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाकरीसारखी गरम. तात्यांनी पुन्हा हात लावून खात्री करून घेतली, कारण भांडायला जायचं तर पुरावा पक्का हवा. मग टोपी डोक्यावर ठेवून ते शेजारच्या अमरसिंहाच्या गिरणीत जाऊन उभे राहिले.

कोडोलीच्या त्या गल्लीत अमरसिंह पोवाराची पिठाची गिरणी मधोमध. तिच्या एका बाजूला पिराजीतात्यांचं घर, दुसऱ्या बाजूला त्यांचे चुलतभाऊ बाळासो यांचं. विजेचा काही भरवसा नाही म्हणून अमरसिंहानं गिरणीला डिझेल इंजिन बसवलं होतं. इंजिनाचा धूर आधी साध्या लोखंडी पाईपातून समोर गल्लीत जायचा, आणि समोर म्हणजे नेमका तात्या ज्या कट्ट्यावर सकाळचा चहा घेत बसत तिथं. तात्यांनी तेव्हा चहाचा कप घेऊन गिरणीच्या दारातच ठिय्या मांडला आणि कपात पडलेली काजळी दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला दाखवली.

अमरसिंह वैतागून कोल्हापूरला गेला आणि शाहूपुरीतल्या एका दुकानातून वाकणारा स्टीलचा पाईप घेऊन आला. पेटीच्या भात्यासारख्या वळ्या असलेला, इंजिनाचे हादरे सोसणारा, पाहिजे तसा वळणारा. दुकानदारानं बजावलं होतं की इंजिनाचा धूर फार तापलेला असतो, तेव्हा पाईप भिंतीपासून लांब ठेवा आणि त्याच्यावर उष्णता अडवणारी काचेच्या लोकरीची पट्टी गुंडाळा. अमरसिंहानं पाईप तेवढा घेतला. पट्टी म्हणजे दुकानदाराचा विकायचा धंदा, असं त्याचं मत पडलं. घरी येऊन त्यानं पाईप कट्ट्यापासून लांब वळवला आणि तात्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवून मागं परसात सोडून दिला.

"आधी तोंडावर धूर सोडलास, आता पाठीला चटका देतोस," तात्या म्हणाले. "मानसानं जायचं कुठं?"

"तुमीच म्हणालासा की तात्या, कट्ट्यावर धूर नको."

"धूर नको म्हणालो. भिंत भाज म्हणालो का?"

खरं सांगायचं तर तात्यांना उत्तर नकोच असायचं. त्यांना अन्याय हवा असायचा, आणि तो रोज कुठून ना कुठून मिळायचा. डेअरीतलं माप, बसचा कंडक्टर, भाजीवालीचा तराजू, सगळे आपल्याच वाईटावर टपलेत अशी त्यांची खात्री होती. त्यात आता भिंतीची भर पडली.

पण या भिंतीचा एक गुण होता आणि तो घरात फक्त त्यांच्या बायकोला, धोंडुबाईंना, माहीत होता. थंडी पडली की दही लागत नाही. दूध विरजून ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर दूध दुधासारखंच. यंदा मात्र धोंडुबाई विरजलेली मडकी त्या भिंतीच्या कोमट कडेला लावून ठेवत. सकाळभर गिरणी चाले आणि दुपारपर्यंत दही असं घट्ट होई की उलथन्यानं कापून काढावं. गल्लीत त्या दह्याचं नाव झालं. तात्या त्याचं सगळं श्रेय म्हशीला देत आणि म्हशीचं स्वतःला. तिला आपण काय चारतो हे ते कुणी न विचारताच सांगत.

याच दह्यामुळं तात्यांना यंदा एक मोठी गोष्ट मिळाली होती. गल्लीतल्या दत्तमंदिरात दत्तजयंतीचा महाप्रसाद असतो, आणि त्यातल्या एकेका पदार्थाचा मान एकेका घराकडं असतो. आमटी कुणाची, खीर कुणाची, हे ठरलेलं. पुजारी पंगतीसमोर नाव घेऊन सांगतात. दह्याचा मान यंदा पहिल्यांदा चौगल्यांकडं आला होता. रीत अशी की मानकऱ्याला जमलं नाही तर मान त्याच्याच भावकीत पुढच्या घराला जातो, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही. पुढचं घर म्हणजे बाळासोचं. तात्यांना मान मिळाल्याच्या आनंदापेक्षा तो बाळासोला मिळाला नाही याचा आनंद जरा जास्तच होता.

धोंडुबाईंनी नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला. "अवो, भिंत तापती ती ऱ्हाऊ द्या की. आपलं दही..."

"हितं घर भाजाय लागलंय आन् तुला दही सुचतंय," तात्या म्हणाले. बायकोचं वाक्य पुरं होऊ देण्याची त्यांना लग्नापासून सवय नव्हती. धोंडुबाईंनी दोनदा आणखी तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग, करा काय करायचं ते, असं म्हणून त्या भांडी घासायला गेल्या.

रोजच्या कटकटीला कंटाळून अमरसिंहानं अखेर पाईपाला काहीतरी गुंडाळायचं ठरवलं. घरात गोणपाट होतं. त्यानं तेच भिजवून पाईपावर बांधलं आणि इंजिन चालू केलं. गोणपाट थोड्या वेळात वाळलं, मग करपलं, मग धुमसायला लागलं. तात्या या क्षणाची वाटच पाहत असल्यासारखे परसात उभे होते. आग लागली म्हणून त्यांनी जी बोंब ठोकली ती पार एसटी स्टँडपर्यंत गेली. लोक धावत आले. तात्यांनी दोन बादल्या पाणी उचलून खिडकीतून थेट गिरणीत फेकलं. त्यातलं थोडं पाईपावर पडलं आणि बाकीचं दळून ठेवलेल्या पिठाच्या डब्यांवर. आग नव्हतीच, पण अर्ध्या गल्लीच्या पिठाची कणीक तिथल्या तिथं मळून निघाली. बायका तात्यांवर तुटून पडल्या. अख्खी गल्ली आगीतून वाचवली त्याची ही फेड, असं म्हणून तात्या आणखी चिडले.

प्रकरण सरपंचांपुढं गेलं. क्रांती पाटील म्हणून बाई सरपंच होत्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी अमरसिंहाला आधी रीतसर पट्टी गुंडाळायला सांगितली आणि तात्यांना विचारलं की आणखी काय हवं. तात्यांना पट्टी पुरेशी वाटेना. त्यांना पाईप आपल्या भिंतीवरून समूळ गेलेला हवा होता.

"वाकतोय न्हवं तुजा पायप?" ते अमरसिंहाला म्हणाले. "मग वाकव की पलीकडं."

पलीकडं म्हणजे बाळासोची भिंत. सरपंचांनी बाळासोकडं पाहिलं. तो साधा किराणा दुकानदार, भांडणाला भिणारा. आपली काही हरकत नाही, पट्टी गुंडाळली म्हणजे झालं, एवढंच तो म्हणाला. पाईप त्याच दिवशी वळला. तात्या मिशीवर हात फिरवत घरी आले. भावकीत वाघ एकच असतो, बाकीची मेंढरं, असं त्यांनी धोंडुबाईंना ऐकवलं.

आणि त्या आठवड्यात थंडी पडली ती अशी की उसाच्या पाल्यावर दव गोठावं. तात्यांच्या घरात दही लागेना. त्यांनी म्हशीवर वहीम घेतला, तिची पेंड बदलली, जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं म्हस ठणठणीत असल्याचं सांगितलं तेव्हा त्याच्या शिक्षणाचा उद्धार झाला. मडकी घोंगड्यात गुंडाळून पाहिली, तांदळाच्या कणगीत पुरून पाहिली. दूध दुधासारखंच राहिलं. अखेर धोंडुबाईंनी नवऱ्याला भिंतीपाशी नेलं, त्यांचा हात थंडगार भिंतीवर टेकवला आणि इतके दिवस अडलेलं वाक्य पुरं केलं. तात्यांना ते कळलं. पण पाईप परत मागायचा म्हणजे अमरसिंहापुढं, सरपंचांपुढं आणि बाळासोपुढं नाक मुठीत धरून जायचं. त्यापेक्षा मान गेलेला बरा, असं ते म्हणाले खरे, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, हे दूध तरी डेअरीला घालते, असं सांगून धोंडुबाई भरलेली कॅन घेऊन बाहेर पडल्या. तात्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

महाप्रसादाला ते मुद्दाम उशिरा गेले. पुजाऱ्यांचं नावं घेणं उरकलं होतं, पंगती बसल्या होत्या. बघतात तर बाळासो दह्याचं मडकं कमरेवर घेऊन वाढत येतोय. तात्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्यात मान घेऊनही मोकळा झाला, निदान तोंडदेखलं विचारावं तरी. बाळासोनं त्यांच्या पानात दही वाढलं. तात्यांनी बोटभर चाटलं. दही उत्तम होतं, हे जिभेला कळलंही, पण जीभ तेव्हा दुसऱ्याच कामाला लागली होती.

"ह्येला दही म्हणायचं?" ते सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले. "पिशवीतल्या दुधाचं हाय ह्ये. नुसतं आंबट पाणी. मान घ्यायला घरात म्हस लागती. आन् दही लावणारीच्या हाताला गुण लागतोय."

पंगतीतले हात थांबले. पलीकडच्या रांगेत भात वाढणाऱ्या धोंडुबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. बाळासो खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "दादा, म्हस तुमचीच हाय."

"म्हंजे?"

"दूध तुमचं, इरजण वहिनीचं. तुमच्यात लागंना म्हणून वहिनीनं काल कॅन आमच्यात आणून मडकी भिंतीला लावलीती; पट्टी हाय तरी भिंत कोमट ऱ्हाती. मान तुमचाच हाय. तुमी यायच्या आधी पुजाऱ्यांनी नाव घेतलं की तुमचं. मी नुसता वाढाय आलोय."

तात्यांनी रागावण्यासाठी माणूस शोधला. अमरसिंह समोरच खाली मान घालून जेवत होता. बाळासो मडकं धरून उभा होता. धोंडुबाई सरळ त्यांच्याकडं बघत होत्या. चिडावं असा एकही माणूस त्यांना सापडेना. आयुष्यात असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता. पंगत वाट बघत होती.

"मग एवढंच का वाढतोस? वाढ की," तात्या म्हणाले. "आन् भिंतीचं मला सांगू नको. तुज्या भिंतीला पायप कुणी लावला? मीच की."

धोंडुबाई रांग ओलांडून आल्या. त्यांनी बाळासोच्या हातातली पळी घेतली आणि तात्यांच्या पानात घट्ट दह्याचा मोठा गोळा वाढला.

"आंबट हाय म्हणं," त्या म्हणाल्या. "बेतानं खावा."

तात्यांनी मान खाली घातली आणि भात कालवायला घेतला.