मोहीम लाल टोपीची

‘मेव्हिस, माझ्या लॉर्नला त्या सिनेमाला शेवटपर्यंत बसव. मुका होईस्तोवर उठू द्यायचं नाही. आणि हे बघ, त्या दोघांकडे बघायचंच नाही, त्यांच्या मागं बघ म्हणावं.’

ऐसा हुकूम थेल्माबाई यांनी सप्टेंबर महिन्यात इस्पितळाचे पलंगावरून, नाकात नळी असता, शेजारीण मेव्हिसबाई यांस फर्माविला, आणि तिसरे दिवशी बाई देवाघरी गेल्या. मग हुकूम फिरवून घेण्याची सोय राहिली नाही. त्या हुकुमाची तामिली ऑन्टारिओ प्रांती, ब्रँबलफर्ड गावी कैसी जाहली ते येथे पदरचे काही न घालिता लिहिले असे. वाचणाराने देवाचे नाव घेऊन, पाय पुसून आत यावे.

तरी प्रथम त्या व्रताची हकिकत. नोव्हेंबर अर्धा सरला की टीव्हीवर नाताळच्या प्रेमपटांची फौज उतरते ती थेट येशूजन्मापर्यंत हटत नाही. पैकी पहिल्या शनिवारचा नवा सिनेमा मेव्हिसबाईंचे दिवाणखान्यात थेल्माबाई धरोन सात जणींनी मिळोन पाहावा, ऐसा नेम अकरा वर्षे अखंड चालत आला. नेमाचे कायदे कडक. कोको आणि बटर टार्ट नामे लोणी-साखरेची मिठाई यांची रसद पहिल्या जाहिरातीआधी पोचावी. शहरातली पोरगी उंच टाचांनी बर्फात आपटली की सर्वांनी ‘आली बाई घरी’ म्हणावे. आणि अखेरीस नायक-नायिकेचा मुका होताच सर्वांनी ताडकन उभे राहोन हातातील घुंगुरमाळा वाजवाव्या. हा शेवटचा कायदा खुद्द थेल्माबाईंनी घातलेला, आणि तो एकदाही मोडला नाही.

मग गेल्या जुलैत ऐसे वर्तमान घडले की सिनेमावाल्यांची स्वारी खुद्द ब्रँबलफर्डात डेरेदाखल जाहली. सिनेमाचे नाव ‘घुंगरांचा नाताळ’. पारा तेहतिसावर, आणि चौकात कागदी बर्फाच्या राशी, आणि गावकरी लोकरीचे कोट घालून येरझारा घालीत. थेल्माबाई यांसही मागून चालण्याची मनसब मिळाली. लाल विणीची टोपी, हाती बिस्किटांचा डबा, आणि मुका चालू असता पाठीमागून डावीकडून उजवीकडे जाणे, इतकीच कामगिरी. परंतु ती नऊ वेळा करविली आणि बाई घामाने चिंब होऊन घरी आल्या.

बाईंचे यजमान लॉर्न हे त्यासमयी मासे धरून परतले होते. सुतारकामात पटाईत, हॉकीचे भक्त, आणि असले सिनेमे म्हणजे साखरपाणी ऐसे जाहीर मत. संसाराच्या त्रेचाळीस वर्षांत एकही पुरता पाहिला नव्हता. मुक्याचे आधी गॅरेजात पसार होत. बाईंनी टोपी पिळली आणि बोलल्या, ‘चार सेकंद दिसणार आहे मी. बघशील ना?’ लॉर्न बोलिले, ‘लागेल तेव्हा बघीन. तुझ्याशेजारी बसून, अगदी संपेस्तोवर. झालं?’ बाई हसल्या. उभयतांस वाटले, नोव्हेंबर कितीसा दूर?

असो. नोव्हेंबर आला. चार सेकंद टीव्हीवर यावयाचे होते आणि पाहावयाचा तो मनुष्य सप्टेंबरापासून गॅरेजातून निघेना. शिवाय शनिवारी सायंकाळी सात वाजता, सिनेमाचेच घटकेस, हॉकीचा सामना. मग मेव्हिसबाईंनी रात्रीची प्रार्थना केली आणि सकाळी मसलत केली, आणि उरल्या सहा जणींपैकी डॉटबाई यांस वकील करोन, सहा बटर टार्टांचा नजराणा देवोन, गॅरेजावर रवाना केले. डॉटबाईंची जीभ तिखट. शिष्टाई झाली ती ऐशी.

‘लॉर्न, सातला मेव्हिसकडे.’

‘मॅच आहे माझी.’

‘तुझी? तू खेळतोयस? अरे, ते गेली कित्येक वर्षं हरतायत. आज तुझ्यावाचून हरतील, त्यात काय!’

‘मला नको ते साखरपाणी, डॉट.’

‘मलाही तू नकोयस सोफ्यावर शेजारी. शब्द कोणी दिला होता? मी?’

लॉर्न यांनी रंधा खाली ठेविला. मग एक टार्ट उचलिला. तह ठरला.

सातास दहा कमी असता स्वारी आली, परंतु मनसुबा खोटा. खुर्ची निवडली ती सर्वांमागे, दाराजवळची. बूट काढोन चटईवर ठेविले ते बाहेर तोंड करून, म्हणजे पळतेवेळी पाय घालावयाचा अवकाश. मेव्हिसबाईंनी हे एका नजरेत ओळखिले, आणि कोको देण्याचे मिषाने उठोन, ते बूट उचलोन, धुलाईखोलीत नेऊन कपडे वाळवावयाचे यंत्रात कोंडोन झाकण लाविले. बाहेर गुडघाभर बर्फ. मोज्यांनिशी कोण पळतो? रक्तपात न होता गनिमाचे घोडदळ कैद जाहले. बाईंनी मनात देवाची क्षमा मागितली आणि आणखी एक टार्ट वाढिला.

मग सिनेमा सुरू जाहला. नायिका आजीचे हॉटेल विकावयास आली आणि आपटली; ‘आली बाई घरी’ ऐसा गजर उठला. नायक निघाला सुतार, विधुर, चौकड्यांचा शर्ट, सोबत कुत्रा. तेथे लॉर्न यांस राहवेना.

‘हातोडा असा धरतात? बोट जाईल त्याचं.’

‘शूऽऽ!’

‘आणि तोंडातून वाफ कुठाय? जुलै आहे तो!’

‘तुला वाफ हवी तर कोको पी,’ डॉटबाई वदल्या.

पहिल्या तासाअखेर मुका होता होता कुत्रा मध्ये आला, हेही शास्त्राप्रमाणेच. परंतु त्यानंतर मागील खुर्चीतून टोमणे येईनासे जाहले. नायिका शहरास परत निघाली तेव्हा तेथून हळूच आवाज आला, ‘अरे, थांबव की तिला. मूर्खा.’ सहाही जणींनी ऐकिले आणि कोणीही मान वळविली नाही, ही त्या दिवसाची खरी मुत्सद्देगिरी.

मग निर्वाणीचा प्रसंग आला. ब्रँबलफर्डाचा चौक, दिव्यांच्या माळा, कागदी बर्फ पडो लागला. नायक धावला, नायिका वळली. लॉर्न खुर्चीचे टोकावर आले. मुका जाहला.

आणि अकरा वर्षांचा कायदा! सहाही जणी ताडकन उभ्या राहिल्या, घुंगुरमाळा झणझणल्या, डॉटबाईंनी तर हात वर करोन गिरकी घेतली. मागे लॉर्नही उभे राहिले, डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले. परंतु पुढे डॉटबाईंचा हरणांचा स्वेटर दिल्लीदरवाजासारखा उभा. स्वेटर खाली बसला तो पडद्यावर नावे धावत होती. मेव्हिसबाईंचा टीव्ही जुना. सरले ते मागे फिरविण्याची विद्या त्यास नव्हती.

‘दिसली का?’ लॉर्न यांनी विचारिले. ‘लाल टोपी. कुणाला दिसली?’

घुंगुरमाळा खाली आल्या; टोपी कोणीही पाहिली नव्हती. मेव्हिसबाई, ज्यांस हुकूम होता, त्यांनीही सवयीने मुक्याकडेच पाहिले होते.

‘मीच उभी होते समोर,’ डॉटबाईंची तिखट जीभ अडखळली. ‘लॉर्न, मी… मला सुचलंच नाही रे.’

लॉर्न यांनी नाक पुसले. ‘उभं राहायचं तिनंच शिकवलं ना तुम्हाला?’

‘तिनंच.’

‘मग भांडायचं ते तिच्याशीच.’ आणि थोडे थांबून, ‘परत कधी लागणार हे?’

येथे लिहिणारीची लेखणी क्षणभर थांबते, कारण त्रेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्या मुखातून निघाला नव्हता. डॉटबाईंनी डोळे टिपत वर्तमानपत्र उघडले. ‘मंगळवारी दुपारी दोनला. मग शुक्रवारी. रविवारी दोनदा. नाताळपर्यंत काही पाठ सोडत नाहीत ते.’

‘मंगळवार,’ लॉर्न बोलिले. ‘घरीच बघीन. आणि माझे बूट कुठायत?’

बूट यंत्रातून काढोन दिले. ते अद्याप कोमट होते. लॉर्न यांनी पाय घातले, मेव्हिसबाईंकडे पाहिले, आणि गुन्ह्याची चौकशी केली नाही.

येणेप्रमाणे त्या शनिवारी लॉर्न हे दोन तास, जाहिरातींसुद्धा, जागचे हलले नाहीत. हॉकीचा संघ त्यांवाचून हरला. मोहीम फत्ते जाहली ऐसे सहा जणींचे साक्षीने नोंदले असे. लाल टोपी तेवढी हाती आली नाही.

मंगळवारी मेव्हिसबाई स्वैपाकघराचे खिडकीपाशी होत्या. टार्ट नेऊन द्यावे ऐसे मनात आले, आणि मग नको ऐसे आले. समोर लॉर्न अंगणातील बर्फ काढीत होते. वाट अर्धी सोडण्याची त्या मनुष्यास सवय नव्हती. वादळातही पुरती करून मगच आत जात. दोनास सात मिनिटे कमी असता त्यांनी मनगटावरील घड्याळ पाहिले, फावडे होते तेथेच बर्फात रोविले, बूट पायरीवर आपटून झाडले, आणि घरात गेले.