न घासलेलं बी

आमच्या शेजारच्या दुर्गाकाकू रोज सकाळी परसातल्या एका रिकाम्या कोपऱ्याशी भांडतात. अंगावर शाल, हातात उलथनं आणि समोर हातभर मोकळी माती. "अजून निजलात? उन्हं वर आली." मग त्या थांबतात. उत्तर ऐकल्यासारखी मान हलवतात. पुढचं वाक्य त्या उत्तराला धरून असतं, आणि तिथेच माझ्या हातातला चहा निवतो.

बाकीच्या परसात रानमेथी. गव्हात दिसली की शेतकरी उपटून फेकतात, तीच. काकू ती हौसेनं लावतात. दिवाळी उरकली की ओट्यावर बसून दोन काचकागदांमध्ये बी घासतात. खर्र, खर्र. भिंतीपलीकडून ऐकावं, तर कुणी आतून दार खरवडतंय असं वाटतं.

"कवच टणक असतं रे. ओरखडा पडल्याशिवाय पाणी शिरत नाही. घासायचं, रात्रभर भिजवायचं, वर नखभर माती. आठवड्यात हजर."

पिवळे तुरे आले की मधमाश्या येतात, पण खरा वास येतो तो कापून सुकवल्यावर. गोड, उबदार. उन्हाळ्यात काकूंच्या बोळात जुड्या उलट्या लोंबतात, बायकांच्या वेण्यांसारख्या. "जिवंतपणी मुकी, मेल्यावर बोलते," काकू म्हणतात आणि हसतात. त्या बोळातून मी एकटा जात नाही.

कोपऱ्याचं मी एकदा विचारलंच.

"तिथे आत्याबाई आहेत."

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. वारलेल्या. मी उठून उभा राहिलो.

"बस रे. त्यांनी पेरलेलं आहे, असं म्हणतेय."

म्हातारी नामपूरची, हट्टी. काकूंचं घासणं बघून तिनं मूठभर बी तसंच त्या कोपऱ्यात फेकलं. "घाई कसाले करस?" म्हणाली. घाई कशाला करतेस? त्या थंडीत एकही कोंब आला नाही. काकूंनी भरपूर टोमणे मारून घेतले. उन्हाळ्यात म्हातारी गेली, आणि पुढच्या थंडीत कोपऱ्यात एक कोंब उभा.

तेव्हापासून दर थंडीत एखादा येतोच. शेंग धरायच्या आत काकू तो कापतात. "नवं बी पडायला नको. लबाडी चालायची नाही. बाई वाद सोडत नाही, मी तरी का सोडू?"

यंदा संक्रांत झाली तरी माती कोरी. काकूंचं भांडण रोज एकेका वाक्यानं आखडत गेलं. "बी संपलं असेल का रे?" एकदा त्यांनी हळूच विचारलं. त्या घरात आता बोलायला दुसरं कुणी नाही.

दुपारी काकू झोपल्या असतील अशा बेतानं मी त्यांच्याच वाफ्यातला मागास कोंब उचलून कोपऱ्याकडे निघालो.

"ठेव तो," मागून आवाज आला. "त्यांना कळतं."

पुढे एका सकाळी धुकं इतकं होतं की भिंतसुद्धा दिसेना. पलीकडे शांतता. मी भिंतीवरून पार वाकून पाहिलं, तेव्हा कुठे कोपरा दिसला. काकू उकिडव्या बसल्या होत्या आणि शालीचा पदर कशालातरी आडोसा म्हणून धरला होता. बोळात अजून एकही जुडी टांगलेली नव्हती, तरी तो सुकलेला गोड वास माझ्यापर्यंत आला.

"घाई कसाले?" काकू मातीला सांगत होत्या. "सावकाश या, आत्याबाई. मी आहे."