खरातसाहेबांचा मागचा ॲक्सल

खरातसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाकीचे खरातसाहेब माझ्या गाडीखाली होते. गाडी घेऊन दोनच दिवस झाले होते, बॉनेटवरचा हार अजून सुकला नव्हता, आणि जुईनगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक इस्त्रीची पॅंट आणि पॉलिश केलेले दोन बूट गाडीच्या मागच्या बाजूने बाहेर आले होते. मी खाकरलो. पाय हलले. मग पन्नाशी उलटलेले एक सडपातळ गृहस्थ सरकत सरकत बाहेर आले, डोक्याखाली अंथरलेला रुमाल त्यांनी घडी करून खिशात ठेवला, आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाला घेतात तसं मला बाजूला घेतलं.

"वाईट वाटून घेऊ नका साहेब. पण तुमच्या गाडीला मागं काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"नुसती दांडी. सगळा जोर पुढच्या चाकांना. मागची दोन आपली फरफटत येतात, वरातीतल्या मामासारखी."

मी त्या गाडीसाठी तीन महिने शोरूम पालथ्या घातल्या होत्या. रंग, सीटकव्हर, पेढ्यांचं दुकान, सगळं पारखून घेतलं होतं. मागे काय आहे हे विचारायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं.

खरातसाहेब मूळचे जालन्याकडचे. न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात कागदपत्रं तपासायची नोकरी. टेबल खिडकीपाशी, आणि खिडकीबाहेरून दिवसभर ट्रेलर जातात. माणसं ट्रेलरवरचा माल बघतात. हे बसल्या बसल्या त्याच्या पोटाखाली बघत आले. त्यांच्या मिसेस तिकडे जालन्यालाच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. बदलीचा अर्ज कधीचा कुठल्याशा फायलीत पडून आहे. त्या दिवाळीत आणि मे महिन्यात येतात, फ्लॅट घासूनपुसून लख्ख करतात आणि परत जातात. उरलेलं वर्ष खरातसाहेब आणि त्यांचा ट्रक.

ट्रक म्हणजे सरकारी लिलावात घेतलेली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप. डोंगरदऱ्यांत, नदीनाल्यांत, जिथे रस्ता नाही तिथे न्यायची म्हणून खरातसाहेबांनी ती सजवायला घेतली. आधी ती फूटभर उंच केली. मग तिला टायर आले, एकेक टायर आमच्या चेअरमनच्या छातीपर्यंत. पुढे चिखलातून स्वतःला ओढून काढायला तारेचा दोर आला. शेवटी इंजिनापासून निघून आकाशाकडे तोंड करणारी एक नळी आली. नदी ओलांडताना इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून. जुईनगरात नदी नाही. नाला आहे, त्याच्यावर पूल आहे.

हा ट्रक दर शनिवारी बॅटरी उतरू नये म्हणून बिल्डिंगला दोन फेऱ्या मारायचा. वाटेतला सर्वांत अवघड टप्पा म्हणजे गेटजवळचा स्पीडब्रेकर. एकदा वळताना मागचं चाक बागेतल्या मोगऱ्याच्या वाफ्यात गेलं, तेवढंच काय ते त्याचं ऑफ-रोड. खरातसाहेबांनी लगेच उतरून टायरची माती ब्रशने काढली.

"बाहेर कधी काढताय?" कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं.

"मागचा ॲक्सल बदलला की."

कारण असं होतं, की एवढ्या मोठ्या टायरांना मूळचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आडवा कणा, पुरायचा नाही. खडकात चाक अडकलं आणि जोर दिला, तर आतला दांडा मोडणार. तेव्हा मागे भक्कम ॲक्सल हवा. पण कुठला? या प्रश्नाच्या तावडीत मी चार वर्षांपूर्वी सापडलो. त्यांचा ट्रक बाहेर काढायचा नसल्यामुळे ॲक्सल बघायला जायला गाडी लागायची, आणि माझ्याकडे गाडी होती. मागे काही नसलेली का होईना.

दर रविवारी साडेआठला बेल. दारात खरातसाहेब, काखेत लांबडी वही. "नाईकसाहेब, तळोज्याला एक आलाय."

मग आम्ही तळोज्याला जायचो. कधी कळंबोलीला, कधी उरणच्या रस्त्याला. जिथे म्हणून मेलेल्या गाड्या सोलल्या जातात तिथे. खरातसाहेब रुमाल अंथरून आडवे व्हायचे, टेप लावायचे, आणि मी उन्हात उभा राहून वहीत आकडे लिहायचो. वहीत तीन उमेदवार कायमचे होते. एक लष्करी ट्रकचा: "दणकट आहे, पण एकट्याचं वजनच इतकं की गाडी त्याला उचलेल का तो गाडीला." एक जपानी: "तब्येत छान, पण रुंदीला दोन इंच जास्त. चाकं बाहेर येतील. बरं दिसत नाही." एक आपल्याकडच्याच टेम्पोचा: "साधा आहे. कामसू आहे. पण गिअरचा रेशो जुळत नाही." दर रविवारी चौथा यायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यातही काहीतरी निघायचं.

माझी बायको म्हणाली, "एवढ्या वेळात लोक पोरीचं लग्न लावून बारशाचे लाडू खाऊन येतात."

एकदा ते जेवायला होते तेव्हा तिने चुकून विचारलं, की दोन ॲक्सलांत असा फरक तरी काय असतो. खरातसाहेबांनी तिच्या ओट्यावरचं लाटणं मागून घेतलं. "वहिनी, हा दांडा. हलक्या ॲक्सलमधे यानंच फिरायचं आणि गाडीचं ओझंही यानंच उचलायचं. तो मोडला की चाक निखळलं. भारी ॲक्सलला फुल फ्लोट म्हणतात. त्यात ओझं बाहेरचं घर घेतं. दांड्यानं फक्त फिरायचं. मोडला तरी चाक जागेवर." बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्याकडे हलकाच आहे. ओझंही मीच उचलते, फिरतेही मीच." खरातसाहेबांनी हे वहीत लिहून घेतलं.

माझं ऑफिस बेलापूरला, सरकारी. त्याबद्दल मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाले, "तुमचं ऑफिस म्हणजे ओपन डिफरन्शियल. ज्या चाकाखाली जमीन नाही तेच गरगर फिरतं. ज्याच्याखाली जमीन आहे ते गप्प उभं." आमच्या साहेबांचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या गोपनीय अहवालातही वाचलेलं नाही.

पण चार वर्षं म्हणजे फार झालं. गेल्या पावसाळ्यापासून मी टाळायला लागलो. मुलीची परीक्षा, गावाकडचे पाहुणे. एका रविवारी कंबर धरल्याचं सांगून पडून राहिलो, तर खरातसाहेब कसलंसं तेल घेऊन वर आले आणि माझ्या उशाशी बसून दीड तास गिअर ऑइल या विषयावर बोलले. कंबर खरोखरच धरली.

अशात सोसायटीची मीटिंग आली. आमचे चेअरमन बोरकर. यांच्या दोन गाड्या अडीच जागा अडवतात, म्हणून त्यांना पार्किंगच्या शिस्तीची फार कळकळ. त्यांनी नियमाचं पुस्तक उघडून वाचलं, की वापरात नसलेलं, अर्धवट वाहन म्हणजे भंगार, आणि भंगार सोसायटीत ठेवता येत नाही.

"खरात, सरळ सांगा," बोरकर म्हणाले. "ट्रक पूर्ण आहे का? पूर्ण असेल तर राहू द्या. नसेल तर महिन्याच्या आत हलवा. भंगाराला आम्ही जागा देणार नाही."

सगळे वळून बघायला लागले. मागून कुणीतरी हसलं. खरातसाहेब उभे राहिले, त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "नाही. मागचं काम बाकी आहे." मग खाली बसले.

मला कणव आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला संधी दिसली. महिन्याची मुदत आहे, कुठलातरी ॲक्सल बसवून टाकायचा, ट्रक वाचेल आणि माझे रविवारही सुटतील. खरातसाहेबांचा मेकॅनिक दत्तू म्हात्रे गव्हाण फाट्याजवळ असतो. तिथल्याच गावचा, सहा फुटी, बोलणं मोजकं. शनिवारी सुट्टीच होती, मी एकटाच त्याच्या गॅरेजवर गेलो.

"दत्तूशेठ, त्या वहीतला कुठलाही एक धरा," मी म्हटलं, "आणि खरातसाहेबांच्या ट्रकला लावून मोकळे व्हा. त्यांना मी समजावतो."

दत्तूने हातातला पाना खाली ठेवला. "काय लावू?"

"मागचा ॲक्सल."

"त्यो तं कवाच लावला."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. "कधी?"

"गेल्या दिवालीला. तुमी गावाला गेलेले. भारी हाय, फुल फ्लोट. त्यानीच शोधून आनला, एकदम बरोबर बसला. आता त्या गाडीला काय बी बाकी नाय. कुठं बी न्या."

"मग दर रविवारी आम्ही हिंडतोय ते?"

दत्तू माझ्याकडे बघत राहिला. "मना वाटला तुमाला ठाव हाय," तो म्हणाला. मग जरा थांबून, पाना पुसत, "मीच बोललो त्यांना, झाला ना काम, आता कशाला उन्हात फिरता. तं बोलले, नाईकसाहेब येतात ना. काम झाला सांगितला तं कशाला येतील."

मी गाडीत येऊन बसलो, पण किल्ली काही फिरवली नाही. मीटिंग आठवली. 'पूर्ण आहे' एवढे दोन शब्द म्हटले असते तर बोरकरांचं तोंड बंद झालं असतं. पण मी समोर बसलो होतो. म्हणून त्या माणसाने स्वतःच्या हाताने उभ्या केलेल्या गाडीला पन्नास लोकांसमोर भंगार म्हणवून घेतलं. आणि मी? ज्या ॲक्सलवर मी चार वर्षं व्याख्यानं ऐकली, तो वर्षभर माझ्या गाडीच्या शेजारी उभा होता. मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

परत उतरून दत्तूकडून 'वाहन पूर्ण व चालू स्थितीत' असं लिहून घेतलं आणि येता येता बोरकरांच्या हातात दिलं. त्यांनी कागद उलटासुलटा केला, पण ट्रकखाली झोपून खात्री करण्याइतकी कळकळ त्यांना नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. बेल वाजली नाही. नऊला मीच दोन मजले उतरून खाली गेलो. चार वर्षांत त्यांच्या दाराची बेल मी वाजवली नव्हती, हे बटणावर बोट ठेवल्यावर लक्षात आलं.

दार लगेच उघडलं. खरातसाहेब इस्त्रीच्या पॅंटमध्ये होते. पायात बूट, लेस बांधलेल्या. दाराजवळच एक खुर्ची ओढलेली होती.

"नाईकसाहेब, तुम्ही? काय झालं?"

"काही नाही. आला नाहीत म्हणून आलो."

"तुमचं दुखणंबिखणं चालू आहे. म्हटलं, कशाला सारखा त्रास." ते बाजूला झाले. "आणि मीटिंगमधे झालं ते असं झालं. तुम्हालाही माझ्यामुळं ऐकावं लागतं."

आत गेलो. टेबलावर एक ताट, एक पेला, पालथे घातलेले. मला काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं. ते सगळं विसरलो.

"खरातसाहेब," मी म्हटलं, "मागचं राहू द्या. पुढच्या ॲक्सलचं काय ठरवलंय?"

ते एकदम माझ्याकडे वळले. खालून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि गेला.

"दत्तू बोलला?"

"दत्तू कुठे फारसं बोलतो. मी विचारतोय. मागचा भारी घातला तर पुढचा मूळचाच ठेवून कसं चालेल?"

"चालतं," ते खाली बघत म्हणाले. "रेशो जुळवून घेतलाय. चालेल तसं." मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. "पण बदलावा म्हटलं तर बदलता येईल. पुढचा मात्र अवघड हं साहेब. त्याच्यात स्टिअरिंग असतं. घाईचं काम नाही."

"मला कुठे घाई आहे?"

त्यांनी मान हलवली. स्वयंपाकघरात जाऊन दोन बाटल्या पाणी भरून आणलं. मी खिशातून माझ्या गाडीची किल्ली काढली, तर म्हणाले, "ती राहू द्या. आज आपल्या गाडीनं जाऊ."

ट्रकमध्ये चढायला मला जमेना. एवढ्या उंच पायरीवर पाय टाकायची सवय नाही. खरातसाहेबांनी आत बसून हात दिला आणि मला वर ओढून घेतलं. गेटवरचा स्पीडब्रेकर ओलांडून ट्रक बाहेरच्या रस्त्याला लागला. ताशी वीसच्या वेगाने. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत पुढे गेली, मग एक स्कूलबस, मग बोरकरांची धाकटी गाडी. आम्हाला दोघांनाही लवकर कुठे पोचायचं नव्हतं.