हलणाऱ्या शहराचा फोटो

"बंदर म्हणजे काय, एक मोठं गिऱ्हाईकच. नीट बसवायचं, उजेड बघायचा आणि बटण दाबायचं," बसमधून उतरता उतरता फोटोवाले बायकोला म्हणाले.

"गिऱ्हाइकाला तुम्ही स्टुलावर बसवत होतात. याला कशावर बसवणार?"

फोटोवाले कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून चालू लागले.

उभ्या हयातीत त्यांनी स्टुडिओबाहेर एक फोटो काढला नव्हता. पडद्यासमोर माणूस बसवायचा, मान जरा उजवीकडे, हनुवटी खाली, आता हलू नका, झालं. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओला कुलूप लागलं. तेव्हापासून त्यांना कुणी फोटो काढायला बोलावलं नव्हतं. घरातल्या वाढदिवसालाही नाही.

आणि आता लेकीने बोलावलं होतं. ती सहलींचं ऑफिस उघडत होती. समोरच्या भिंतीवर तिला दोन मोठे फोटो हवे होते. बंदर एकच, जागा एकच, पण एक फोटो दिवसाचा आणि एक रात्रीचा. जावई म्हणाला, "असले फोटो छापील मिळतात, आत्ता आणून देतो." लेक म्हणाली, "नको. बाबा काढतील."

त्या दोन शब्दांपासून फोटोवाल्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. काळजी मात्र एकच होती. एवढा फोटो बिघडला, तर भिंतीवर छापील बंदर चढणार आणि आपल्याला पुन्हा कुणी विचारणार नाही. वेळही एकाच रात्रीची होती. सकाळच्या बसने परत जायचं होतं.

जागा शोधण्यात सकाळ गेली. एकीकडे क्रेन आडवी येई, दुसरीकडे माशांच्या टोपल्या. शेवटी धक्क्याच्या टोकाला हवी तशी जागा सापडली. रुंद लाकडी फळ्या, कडेला कठडा, बसायला बाकं, वर छप्पर आणि माणूस एकही नाही. समोर किनाऱ्याबरोबर वळत गेलेलं सगळं शहर.

"ही जागा जरा डुलतेय का हो?" बायको म्हणाली.

"तुझ्या डोक्यात अजून बस चालू आहे."

फोटोवाल्यांनी तिपाई लावली, तिच्या पायांपाशी खडूने खुणा केल्या आणि काळं कापड डोक्यावर घेतलं. कॅमेरा नवा होता, पण कापडाखाली शिरल्याशिवाय त्यांना समोरचं काही खरं वाटत नसे. दिवसाचा फोटो झकास आला. शहर असं बसलं होतं, जसं काही त्याला बघायला पाहुणे आलेत.

दिवेलागणीला दोघं परत आली. खडूच्या खुणा जागच्या जागी होत्या. या वेळी मात्र बाकांवर माणसं बसली होती, पिशव्या मांडीवर घेऊन.

"बघ, जमले लोक," फोटोवाले कुजबुजले. "खरा फोटोग्राफर ओळखू येतो."

बायको पाण्याची बाटली आणायला धक्क्यावर गेली आणि ते कापडाखाली शिरले. कुठेतरी घंटा वाजली. फळ्या थरथरल्या. चौकटीच्या मधोमध बसवलेलं गोदाम हळूच डावीकडे सरकलं.

"तिपाईला कोण धक्का देतंय?"

"कुणी नाही बाबा," बाकावरची एक म्हातारी म्हणाली.

त्यांनी कॅमेरा वळवून गोदाम मधे आणलं. ते पुन्हा सरकलं. पाठोपाठ अख्खा रस्ता दिव्यांसकट निघाला.

"हलू नका," फोटोवाले सवयीने शहरावर खेकसले. म्हातारी आणि तिच्या शेजारी करवत घेऊन बसलेला सुतार, दोघं ताठ बसले.

खांद्यावर कुणीतरी टकटक केली. "काका, तिकीट."

"फोटो काढायला तिकीट लागतं?"

"फोटोला नाही. पलीकडे जायला."

"मला पलीकडे जायचं नाही."

"मग बोटीत का चढलात?"

"कुठल्या बोटीत?" असं म्हणत फोटोवाल्यांनी कापडातून डोकं काढलं. धक्का चांगलाच लांब गेला होता. त्यावर बायको एक हात उंच करून उभी होती. दिवसभर बांधून ठेवलेली ही बोट संध्याकाळी फेऱ्या मारायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तेवढ्यात फोन वाजला. बायको विचारत होती, "अहो, जेवायला येणार आहात ना?"

फोटोवाले बाकावर मटकन बसले. म्हातारीने चौकशी केली, तेव्हा लेक, भिंत, छापील बंदर, सगळं बाहेर आलं. म्हातारीने ते सुताराला सांगितलं, सुताराने तिकीटवाल्याला, आणि सगळी बोट फोटोवाल्यांची नातेवाईक झाली. परतीच्या फेरीला तिकीटवाल्याने बोट चालवणाऱ्याला गळ घातली, की भर पाण्यात जरा इंजिन बंद करा.

"करतो," तो म्हणाला. "पण पाणी माझं ऐकत नाही."

इंजिन थांबलं. उतारूंनी श्वास रोखले. तिकीटवाल्याने खिशातली चिल्लरसुद्धा मुठीत धरली. फोटोवाल्यांनी बटण दाबलं आणि नेमकं तेव्हाच शेजारून एक मोठं जहाज लाटा उसळवत गेलं.

धक्क्यावर बायकोने विचारलं, "आला का फोटो?"

"आला. पण तो शहराचा आहे हे सांगायला मला भिंतीशेजारी उभं राहावं लागेल."

मांजराने लोकरीचा गुंडा विस्कटावा, तसे दिवे आले होते.

ऑफिस उघडलं त्या दिवशी फोटोवाले दारातच घुटमळले. वर बघायचा धीर होईना. शेवटी बघितलं. छापील बंदर नव्हतं. एका चौकटीत त्यांचा दिवसाचा फोटो होता, अगदी लख्ख. दुसरीत रात्र होती. काळं पाणी, मागे वळत गेलेलं झगमगतं शहर, दिव्यांनी उजळलेली बोट, आणि कठड्याशी कापडाखाली वाकलेला एक माणूस, ज्याला आपण निघालोय याचा पत्ता नव्हता.

"हा कुणी काढला?"

"आईने, फोनवर," लेक म्हणाली. "बोट सुटली तेव्हाच मला पाठवला. खाली लिहिलं होतं, बाबा निघाले."

फोटोवाल्यांनी चष्मा पुसला. "बोट तिरकी आलीये. वरची जागा वाया गेलीये."

"गिऱ्हाईक हलत होतं," बायको म्हणाली.

दिवसभर येणारा जाणारा रात्रीच्या फोटोसमोर थांबे, हसे आणि या बोटीत बसायला मिळेल का, असं विचारी. लेकीला मान वर करायला फुरसत नव्हती. फोटोवाले दिवसाच्या फोटोखाली उभे राहून, कुणी विचारलं तर सांगायला म्हणून, उजेडाची माहिती तयार ठेवून होते.

संध्याकाळी शेजारचे डॉक्टर आले. दोन्ही फोटो त्यांनी नीट न्याहाळले आणि कुठला कुणी काढला ते लेकीला विचारून घेतलं.

"माझ्या दवाखान्यालाही असे फोटो हवेत. डोंगराचे. रोग्यांना जरा हसू येईल."

फोटोवाल्यांची छाती फुगली. "तिपाई घरीच आहे. उद्यासुद्धा निघता येईल."

"तिपाई आणाच," डॉक्टर म्हणाले. "फोटो बाई काढतील. तुम्ही फक्त असेच कुठेतरी वाकून उभे राहा."

 लेकीने टेबलावरचे कागद उगाच नीट केले. बायको खिडकीबाहेर बघू लागली.

फोटोवाल्यांनी घसा खाकरला.

"डोंगरावर," ते म्हणाले, "मला गार वारा सोसत नाही. स्वेटर घालून चालेल ना?"