बारीक अक्षरांतले घर

बँकेतल्या बाईंनी चष्मेवाल्यांचे अभिनंदन केले आणि त्याच दमात सांगितले की, अजून काही नक्की समजू नका.

घर कर्ज थकल्यामुळे बँकेने ताब्यात घेतलेले होते. चष्मेवाल्यांनी देऊ केलेली किंमत बँकेला मान्य होती. पण असल्या घरांसाठी बँकेचा एक नियम होता. आलेली किंमत वर्तमानपत्रात जाहीर करायची, आणि कागदांवर सह्या होईपर्यंत कुणी जास्त देत असेल तर घर खुशाल त्याला द्यायचे.

"म्हणजे घर आम्ही शोधायचं, आणि आमंत्रण सगळ्या गावाला," चष्मेवाले म्हणाले. त्यावर बाईंनी फक्त नियमावर बोट ठेवले.

चष्मेवाले, त्यांची बायको आणि मुलगी दुकानामागच्या दोन खोल्यांत राहत. भिंगे घासायचे यंत्र दुकानात मावत नसल्याने स्वयंपाकघरात होते. त्याच्या घरघरीत बोलून बोलून मुलीचा आवाज इतका चढला होता की शाळेतून तक्रार आली होती. नव्या घरात मागे एक खोली होती, तिला जाड दार होते. बायकोने मनातल्या मनात यंत्र तिथे नेऊन ठेवले होते आणि दारही लावून घेतले होते. जाहिरात येणार म्हटल्यावर तिने नवऱ्याला एवढेच बजावले की, सह्या होईपर्यंत या घराबद्दल कुणापाशी चकार शब्द काढू नका.

जाहिरात आली ती आतल्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत. चष्मेवाल्यांना क्षणभर हायसे वाटले. मग त्यांच्या लक्षात आले की, लोकांना बारीक अक्षरे वाचता यावीत यावरच आपले पोट आहे. चष्मा नीट लागला का हे बघायला गिऱ्हाईक दुकानातला पेपर वाचे, आणि जाहिरातींच्या पानाइतका टाइप दुसरीकडे कुठे बारीक नाही म्हणून तेच पान ते स्वतः पुढे करत.

त्यांनी दुकानातला पेपर लपवला. तेवढ्याने मन शांत होईना, तेव्हा कोपऱ्यावर जाऊन पेपरवाल्याकडचा सगळा गठ्ठा विकत घेतला. फ्रेमा गुंडाळायला लागतो, असे कारण सांगितले. पेपरवाला भला माणूस. पेपर मागायला येईल त्याला तो सांगू लागला, "चष्मेवाल्यांकडे जा, सगळे तिकडेच आहेत."

थोड्याच वेळात दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. गठ्ठा समोरच पडला होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. चष्मेवाल्यांनी टेबलाखाली हात घालून प्रत्येक पेपरातले ते पान काढून घ्यायला सुरुवात केली.

निवृत्त पोस्टमास्तर तेवढ्यात आले. त्यांचा नवा चष्मा तयारच होता. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, पेपर उलगडला आणि पाने मोजली.

"आतलं पान कुठंय?"

"त्यात काही नसतं हो, जाहिराती असतात."

"मी जाहिरातीही वाचतो. पैसे अख्ख्या पेपरचे देतो."

पान द्यावे लागले. पोस्टमास्तरांनी ते हातभर लांब धरले, जवळ आणले आणि नेमकी तीच जाहिरात खड्या आवाजात वाचून दाखवली. चष्मा उत्तम लागला होता.

"एवढी किंमत? त्या घराला?" ते म्हणाले. "कोण मूर्ख आहे हा?"

चष्मेवाले एका फ्रेमची काडी सरळ करत राहिले. लोक हसले, तेही त्यांनी सोसले.

"घर बघितलं तरी असेल का त्यानं?"

हे मात्र लागले. त्यांनी ते घर इतक्या वेळा बघितले होते की, बँकेचा माणूस किल्ली तुमच्याकडेच ठेवा म्हणाला होता.

"तसं वाईट नाहीये ते घर," चष्मेवाले म्हणाले. आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. सकाळी स्वयंपाकघरात येणारा उजेड त्यांनी सांगितला, कोरड्या भिंती सांगितल्या, मागची शांत खोली सांगितली. जिन्याच्या पायऱ्या बुटक्या आहेत, गुडघ्यांना त्रास नाही, इथपर्यंत आले तेव्हा लोकांनी पेपर खाली ठेवले होते, आणि पोस्टमास्तर स्वतःचा गुडघा चोळत होते. त्यांनी ते पान घडी करून खिशात घातले, चष्म्याचे पैसे दिले आणि ते बँकेच्या दिशेने चालू लागले.

दुसऱ्या दिवशी बँकेतून बाईंचा फोन आला. कुणीतरी जास्त किंमत दिली होती.

बायकोने इस्त्री बाजूला ठेवली. "तुम्ही काही बोललात का?"

"थोडंसं."

"किती थोडंसं?"

"जिन्यापर्यंत."

तिने इस्त्रीचे बटण बंद केले. मग नव्या, बिनआवाजाच्या यंत्रासाठी साठवलेले पैसे तिने कपाटातून काढले आणि जुनेच यंत्र चालवू म्हणाली. चष्मेवाल्यांनी किंमत वाढवली. नियमाप्रमाणे जाहिरात पुन्हा छापून आली.

पोस्टमास्तर तणतणत दुकानात शिरले. "माझ्यावर कडी करणारा निघाला एक. हा तर पहिल्यापेक्षा मूर्ख आहे."

"असतात असे लोक," चष्मेवाले म्हणाले.

"आणखी वाढवू का हो?"

"नका वाढवू. ओल आहे म्हणे त्या घरात."

"तुम्हीच म्हणालात ना, भिंती कोरड्या आहेत?"

चष्मेवाले हातातली फ्रेम पुसू लागले. "मी लांबून बघितलं होतं. चष्मा लावला नव्हता."

चष्मे विकणाऱ्या माणसाने स्वतःचीच नजर अधू असल्याचे कबूल केल्यावर पोस्टमास्तर विरघळले. त्यांनी घराचा नाद सोडला. आणखी कुणी पुढे आले नाही, आणि सह्या झाल्या.

सामानाचा ट्रक नव्या घरापुढे थांबला तेव्हा शेजारच्या फाटकाशी पोस्टमास्तर उभे होते. घर हुकले तरी भाग त्यांना इतका आवडला होता की, शेजारच्याच घराच्या तळमजल्यावर ते भाड्याने राहायला आले होते. ट्रकमधून भिंगे घासायचे यंत्र उतरत होते. ते घरच्या तिघांनाही पेलेना, तेव्हा पोस्टमास्तरांनीच पुढे होऊन एक बाजू धरली. अर्ध्या वाटेत त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि ते थांबले.

"म्हणजे तो मूर्ख..." त्यांनी जीभ चावली.

"मीच," चष्मेवाले म्हणाले.

यंत्र तसेच चौघांच्या हातांत राहिले. पोस्टमास्तर ओशाळले. "त्या माणसाबद्दल मी जरा जास्तच बोललो."

"तसं नाही," चष्मेवाले म्हणाले. "पहिल्या किमतीला तो मूर्ख नव्हता. दुसऱ्या किमतीला झाला."