सत्त्याण्णवावं मिनिट

कोणतीही कलाकृती समजावून सांगितल्याशिवाय समजत नाही, आणि नीट समजावून सांगितली की ती पाहायची फारशी गरज उरत नाही. या तत्त्वावर आमचं 'जुना चित्रपट आस्वाद मंडळ' अकरा वर्षं भक्कम उभं आहे.

दर वर्षी आम्ही एकच चित्रपट दाखवतो. (मंडळाकडे एकच आहे.) जुना, विनोदी. रेडिओवर गायची हौस असलेला एक न्हावी गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासतो आणि दाढीचा ब्रश माइकसारखा धरून गातो. गिऱ्हाइकाला तोंड उघडता येत नाही, म्हणून याला वाटतं, गाणं आवडलं. लांबी एकशे चार मिनिटं. सभागृह मिळतं दीडशे मिनिटं. त्यात स्वागत सात, प्रास्ताविक अडतीस, प्रास्ताविक करणाऱ्यांचा परिचय बारा आणि मध्यंतरातली चर्चा पंचवीस. उरलेल्या अडुसष्ट मिनिटांत चित्रपट. प्रास्ताविक दर वर्षी सरासरी तीन मिनिटांनी वाढतं. म्हणजे आजपासून तेविसाव्या वर्षी चित्रपट लावावाच लागणार नाही आणि फिल्मची झीज कायमची थांबेल.

यंदा मात्र एक निवृत्त वायरमन मुलीचा हात धरून आले. सत्त्याण्णवाव्या मिनिटाला न्हाव्यापुढे माइक ठेवणारा तरुण म्हणजे ते. त्यांच्या शेजारी हसणारी मुलगी पुढे त्यांची बायको झाली. ती आता नाही, आणि तिचा त्या वयातला एकही फोटो घरात नाही. चित्रपटाची प्रत आमच्याकडे आहे, हे त्यांना यंदाच कळलं. डॉक्टरांनी त्यांना सहा महिने दिले आहेत (नजरेचे, आयुष्याचे नव्हेत).

"अहो, तेवढा शेवट आधी लावा ना," मुलगी अध्यक्षांना म्हणाली.

"ताई, पानावर बसल्या बसल्या कुणी हात धुऊन उठतं का?"

"बाबांना भूकच तेवढ्याची आहे हो."

अध्यक्ष हेलावले. त्यांनी तिथल्या तिथे काकांचा सत्कार जाहीर केला. तो बावीस मिनिटं चालला. मग काकांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला.

"मला बोलायचं नाही. बघायचंय."

या उद्गारांवर चार मिनिटं टाळ्या पडल्या. (घड्याळ मी लावलं होतं.)

चित्रपटाच्या बेचाळिसाव्या मिनिटाला रखवालदाराने दिवे लावले. लोक चपला शोधू लागले. काका कोऱ्या पडद्याकडे बघत बसून होते.

"बाबा, उठा. संपलं."

"थांब गं. आत्ता येईल ती."

दारात आम्ही अभिप्रायाचे त्रेचाळीस फॉर्म वाटले. 'चित्रपटाचा शेवट कसा वाटला?' या प्रश्नाला एक्केचाळीस जणांनी 'हृदयस्पर्शी' असं उत्तर दिलं. दोन फॉर्म कोरे आले. ते अपूर्ण म्हणून बाद केल्यावर समाधानाचं प्रमाण शंभर टक्के भरलं. पुढचा खेळ पुढच्या वर्षी.

फॉर्म अजून शिल्लक आहेत. आपणही एक भरावा. चित्रपट पाहिलेला असण्याची अट नाही. आपण वाचलंत ते प्रास्ताविक पुरेसं आहे, आणि आपलं मत तर केव्हाच तयार झालेलं दिसतंय.